आरंभदृश्य आणि हिंसेचा अधिकार : मारधाडपटांच्या प्रारंभाचा एक तौलनिक विचार

१

मुख्य कथाभागाला सुरुवात होण्यापूर्वी प्रेक्षकाच्या मनाची जी तयारी करावी लागते, तिचा विचार भारतीय नाट्यमीमांसेने फार बारकाईने केलेला आहे. नाट्यशास्त्राचा पाचवा अध्याय पूर्वरंगाच्या विवेचनासाठी राखलेला आहे. नांदीने मंगल साधावे, प्ररोचनेने प्रेक्षकाचे कुतूहल जागे करावे आणि प्रस्तावनेतून सूत्रधाराने त्याला अलगद कथेच्या उंबरठ्यावर आणून सोडावे, अशी ही योजना आहे. तिच्यामागची जाण केवळ धार्मिक वा औपचारिक नव्हे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त सूत्रधार आणि नटी चंद्रग्रहणाविषयी बोलत असतात. क्रूर ग्रह चंद्राला ग्रासू पाहतो, असे सूत्रधार म्हणतो. त्यातील 'चंद्र' हा शब्द ऐकताच नेपथ्यातून चाणक्याचा संतप्त प्रश्न उमटतो, कारण त्याला त्या शब्दातून चंद्रगुप्त ऐकू आलेला असतो. एका श्लेषाच्या आधारे घरगुती संवादाचे राजकारणात रूपांतर होते. या नाटकात शब्द चोरून ऐकले जाणार आहेत, त्यांचे अर्थ फिरविले जाणार आहेत आणि सावधपणा हीच येथील मूलभूत वृत्ती राहणार आहे, हे प्रेक्षकाला पहिल्या काही क्षणांतच कळून चुकते. लोकरंगभूमीवरही याहून निराळे घडत नाही. तमाशात गण, गौळण आणि बतावणी झाल्यावाचून वग उभा राहत नाही.

चित्रपटाच्या बाबतीत हा विचार आपल्याकडे क्वचितच झाला आहे. त्यातही ज्याला मारधाडपट म्हणून हिणविले जाते त्या प्रकाराच्या बाबतीत तर तो जवळजवळ झालाच नाही. ज्यात हाणामारी, पाठलाग आणि गोळीबार असतो तो मारधाडपट, अशी त्याची ढोबळ ओळख रूढ आहे. ही ओळख अपुरी आहे. हाणामारी पौराणिक चित्रपटातही असते, विनोदी चित्रपटातही असते. एखादी हाणामारी पाहून हसावे, हळहळावे की टाळ्या वाजवाव्यात, हे त्या हाणामारीवरून ठरत नाही. ते बरेच अगोदर, चित्रपटाच्या आरंभदृश्यात ठरलेले असते. प्रस्तुत लेखात या आरंभदृश्यांचे कार्य काही निवडक उदाहरणांच्या आधारे तपासावयाचे आहे. १९७० च्या दशकातील काही प्रमुख हिंदी मारधाडपटांची आरंभदृश्ये थरार पुरविण्यापेक्षा पुढे येणाऱ्या हिंसेच्या बाजूने एक साक्ष नोंदवितात, असे त्यातून दाखविण्याचा प्रयत्न आहे.

२

आरंभदृश्य साधारणतः तीन गोष्टी निश्चित करते. पहिली गोष्ट म्हणजे संभाव्यतेची मर्यादा, अर्थात या जगात काय घडू शकते आणि काय घडू शकत नाही. दुसरी, काळाची गती : घटना झपाट्याने घडणार की प्रतीक्षेत ताणल्या जाणार. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे नैतिक अधिकार : शस्त्र उचलण्याचा हक्क कोणाला आहे आणि तो त्याला कोठून मिळाला.

पहिल्या कार्याचे स्पष्ट उदाहरण म्हणून जेम्स बाँडच्या चित्रपटांकडे पाहता येईल. १९६३ मधील 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'पासून या मालिकेत श्रेयनामावलीच्या अगोदर एक स्वतंत्र दृश्य घालण्याची प्रथा पडली. १९६४ मधील 'गोल्डफिंगर'मध्ये रात्रीच्या काळोख्या पाण्यातून एक समुद्रपक्षी तरंगत येतो. तो नायकाने डोक्यावर बसविलेला खोटा पक्षी आहे, हे पुढच्याच क्षणी उघड होते. नायक भिंत ओलांडतो, स्फोटके पेरतो आणि अंगावरचा पाणबुड्याचा पोशाख उतरवितो, तो आत मेजवानीला शोभेल असा शुभ्र कोट असतो आणि त्याची इस्त्रीही मोडलेली नसते. या काही मिनिटांत प्रेक्षकाशी एक करार होतो. या माणसाला इजा होईल, पण ती खोलवर जाणार नाही. स्फोट होतील, पण शोक होणार नाही. आणि भीतीच्या जोडीला नेहमी थोडा उपहास राहील. मुख्य कथानकाशी या दृश्याचा संबंध नाममात्रच आहे. तरीही ते काढून टाकल्यास पुढील कथानक कोणत्या सुरात ऐकावयाचे हे प्रेक्षकाला उमगणार नाही.

दुसऱ्या कार्यासाठी सर्जिओ लिओने यांच्या १९६८ मधील 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'कडे वळावे लागते. एका ओसाड रेल्वे स्थानकावर तीन बंदूकधारी गाडीची वाट पाहत आहेत. एकाच्या टोपीवर वरून पाण्याचे थेंब पडत आहेत. दुसरा आपली बोटे मोडतो आहे. तिसऱ्याला एक माशी सतावते आहे आणि अखेरीस तो तिला पिस्तुलाच्या नळीत कोंडतो. पार्श्वसंगीत नाही. कुरकुरणारी पवनचक्की, थेंबांचा आवाज, माशीची गुणगुण हेच येथील संगीत आहे. दहा मिनिटांच्या आसपास प्रत्यक्षात काहीच घडत नाही. ज्या प्रकारात वेग हाच गुण मानला जातो त्या प्रकाराच्या आरंभी दिग्दर्शक वेग संपूर्णपणे थांबवितो. मग गाडी येते, जाते, आणि रुळांपलीकडे बाजा वाजविणारा एक मनुष्य उभा दिसतो. आपल्यासाठी घोडा आणला आहे काय, असे तो विचारतो. तिघांजवळ तीनच घोडे असतात. उत्तरादाखल तो घोड्यांचा हिशोब उलट्या बाजूने मांडतो, कारण त्याच्या मते दोन घोडे जास्तीचे आहेत. क्षणार्धात गोळ्या सुटतात. येथे मृत्यू एखाद्या बेरीज-वजाबाकीइतका थंड आहे. चित्रपटाची सारी भाववृत्ती या हिशोबात आलेली आहे. प्रतीक्षा दीर्घ, हिंसा क्षणिक, आणि कारणे मात्र शेवटपर्यंत झाकलेली.

३

तिसऱ्या, म्हणजे नैतिक अधिकाराच्या प्रश्नाकडे वळताना अकिरा कुरोसावा यांचा 'सेव्हन सामुराई' (१९५४) आणि त्याचा अमेरिकन अवतार असलेला जॉन स्टर्जेस यांचा 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) यांची तुलना उपयुक्त ठरते. दोन्हींची कथा एकच आहे : लुटारूंनी गांजलेले गाव स्वतःच्या रक्षणासाठी लढवय्ये भाड्याने आणते. आरंभ मात्र भिन्न आहेत आणि त्या भिन्नतेमुळे दोन चित्रपटांचे स्वभाव वेगळे झाले आहेत.

कुरोसावांच्या चित्रपटात क्षितिजावरून घोडेस्वारांच्या काळ्या आकृत्या धावत येतात. उंचावरून ते गावाकडे पाहतात. मागील शरदात आपण येथला तांदूळ लुटला, आता हाती काही लागणार नाही, सातू पिकला की परत येऊ, असे ठरवून ते निघून जातात. ते गेल्यावर झुडपांतून सरपणाचा भारा पाठीवर घेतलेला एक शेतकरी हळूहळू उभा राहतो. त्याने सारे ऐकलेले असते. लुटारूंचे चेहरे आपल्याला नीट दिसत नाहीत, रक्ताचा थेंबही सांडत नाही. तरीही चित्रपटाचे कालमान निश्चित होऊन जाते. या कथेचे घड्याळ म्हणजे शेतातले पीक. एरवी ज्या कणसांच्या भरण्याकडे शेतकरी आशेने पाहील, तीच कणसे आता त्याच्या मरणाची मुदत मोजू लागतात. आणि दृष्टिकोनही ठरून जातो : हे जग ऐकणाऱ्याच्या, वाकलेल्या माणसाच्या उंचीवरून पाहावयाचे आहे.

स्टर्जेस यांच्या चित्रपटात लुटारूंचा नायक काल्वेरा थेट गावात शिरतो. तो ऐसपैस बोलतो, धान्य उचलतो, आणि अंगावर धावून आलेल्या एका गावकऱ्याला गोळी घालतो. येथे खलनायकाला चेहरा आहे, वाणी आहे, किंबहुना एक प्रकारचे आकर्षणही आहे. संघर्ष व्यक्ती आणि व्यक्ती यांच्यातील होणार, हे त्याच क्षणी ठरते. कुरोसावांच्या आरंभातून भयाची सामूहिक शोकांतिका उगवते, तर स्टर्जेस यांच्या आरंभातून वीरांचे द्वंद्व. कथाबीज तेच असूनही ते ज्या मातीत पेरले गेले तिच्यामुळे झाड निराळे झाले.

४

रमेश सिप्पी यांचा 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या या चित्रपटावर वरील तिन्ही पाश्चात्त्य-पौर्वात्य चित्रपटांची छाया आहे, असे नेहमी म्हटले जाते. तुलनाकाराने मात्र ऋणांच्या यादीवर थांबू नये. उसने घेतलेल्या वस्तूचे येथे काय झाले हे त्याने पाहावे.

'शोले'ही रेल्वे स्थानकावरच सुरू होतो. एका लहानशा फलाटावर गाडी येऊन थांबते आणि कायद्याच्या सेवेतील एक अधिकारी उतरतो. त्याला न्यावयास ठाकूर बलदेवसिंगांचा नोकर रामलाल आलेला असतो. लिओनेच्या स्थानकावर पाहुण्यासाठी घोडा नव्हता, आणि त्या नसलेल्या घोड्यातून तीन प्रेते निर्माण झाली. येथे पाहुण्यासाठी घोडा तयार आहे. या एका फरकात दोन चित्रपटांच्या भावविश्वांमधील अंतर सामावलेले आहे. लिओनेच्या जगात येणारा माणूस हिशोब चुकता करावयास येतो, तर रामगढमध्ये येणारा माणूस बोलावण्यावरून आलेला असतो आणि त्याला काहीतरी ऐकावयाचे असते. मारधाडपटाचा आरंभ येथे आतिथ्याने झाला आहे.

त्यानंतर दोघे घोड्यांवरून निघतात आणि त्या प्रवासावर श्रेयनामावली उमटत जाते. कर्नाटकातील रामनगरच्या परिसरातील उघडेबोडके खडक, माळ आणि वस्ती द्वारका दिवेचा यांच्या छायालेखनातून विस्तीर्ण पडद्यावर उलगडतात. राहुल देव बर्मन यांच्या संगीतातील गिटार घोड्यांच्या चालीला साथ देते. श्रेयनामावली हा एरवी प्रेक्षागृहात स्थिरस्थावर होण्याचा वेळ. येथे मात्र तिच्यातून भूगोल शिकविला जातो. हे गाव शहरापासून किती दूर आहे, वाटेत किती निर्जन खडक आहेत, कायद्याला येथवर पोहोचण्यास किती वेळ लागेल, हे प्रेक्षक शब्दांवाचून समजून घेतो. पुढे या गावावर जे काही ओढवते त्याची शक्यता या अंतरातच दडलेली आहे.

ठाकुराच्या घरी पोहोचल्यावर कळते की, त्याला जय आणि वीरू नावाचे दोन भुरटे गुन्हेगार हवे आहेत. अधिकाऱ्याला याचे आश्चर्य वाटते. ते दूर करण्यासाठी ठाकूर एक आठवण सांगतो, आणि तेव्हा कोठे पहिली हाणामारी पडद्यावर येते. मालगाडीतून या दोघांना बेड्या घालून नेत असता डाकूंचा हल्ला झाला, दोघांनी जिवावर उदार होऊन तो परतविला, आणि ठाकूर जखमी झाल्यावर पळून जावे की त्याला रुग्णालयात पोहोचवावे याचा निर्णय नाणे उडवून केला. या प्रसंगाचे चित्रण मुंबई-पुणे लोहमार्गावर पनवेलच्या परिसरात झाले. त्यातील गतिमान जुळणीचे श्रेय अर्थातच संकलक मा. शिं. शिंदे यांच्याकडेही जाते. 'शोले'ला मिळालेला एकमेव फिल्मफेअर पुरस्कार या संकलनासाठीच होता.

रचनेच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. थरारक असूनही हा प्रसंग थरारासाठी आलेला नाही. तो पुरावा म्हणून आला आहे. एक निवृत्त पोलिस अधिकारी दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर दोन गुन्हेगारांच्या चारित्र्याची साक्ष देत आहे. हाणामारी ही त्या साक्षीतील घटना आहे. प्रेक्षक जय-वीरूला प्रथम भेटतो तो ठाकुराच्या जबानीतून, आणि म्हणून त्यांच्या पुढच्या प्रत्येक गोळीमागे ठाकुराचा शब्द उभा असतो.

हे आरंभदृश्य दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला आणखी दोन गोष्टी दिसतात. चौकटीतील ठाकूर अंगभर शाल पांघरून असतो. आठवणीतील ठाकुराच्या हातांत बंदूक असते. ते हात आता उरलेले नाहीत, ही माहिती पटकथेने डोळ्यांसमोर ठेवूनही लपविली आहे. ठाकूर दोन माणसे मागतो, पण त्याला हवे असतात ते दोन हात. दुसरी गोष्ट नाण्याची. ते नाणे दोन्ही बाजूंनी सारखेच होते, हे जयच्या मृत्यूनंतर उघड होते. म्हणजे जखमी ठाकुराला वाचविण्याचा निर्णय नशिबाचा नव्हता. नशिबाच्या आडून एका माणसाने तो घेतला होता. आरंभी नोंदविलेली साक्ष अशा रीतीने शेवटी अधिक खरी ठरते. बीज आणि फल यांचा असा संबंध नाट्यमीमांसेच्या अभ्यासकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

५

साक्षीचे हे तत्त्व 'शोले'पुरते मर्यादित नाही. प्रकाश मेहरा यांच्या 'जंजीर'च्या (१९७३) आरंभी दिवाळीच्या रात्री एक लहान मुलगा आपल्या आई-वडिलांचा खून पाहतो. कपाटात लपलेल्या त्या मुलाला खुन्याचा चेहरा दिसत नाही. त्याच्या मनगटावरील साखळीत लटकणारा पांढरा घोडा तेवढा दिसतो. हा मुलगा पुढे पोलिस निरीक्षक होतो. परंतु आरंभदृश्याने त्याला प्रथम साक्षीदार केलेले आहे, आणि तेही असा साक्षीदार की, ज्याची जबानी कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. स्वप्नात येणारा घोडा हा कायद्याच्या दृष्टीने पुरावा नव्हे. गणवेश अंगावर असूनही या नायकाचे कायद्याशी कधी पुरते जुळणार नाही, हे येथेच सुचविले गेले आहे. आनंदाच्या सणावर शोकाची सावली टाकणारी भाववृत्तीही येथूनच चित्रपटभर पसरते. ज्याच्या चेहऱ्यावर हसू उमटणे कठीण, असा नायक या आरंभाविना पटला नसता.

यश चोप्रा यांच्या 'दीवार'ने (१९७५) तर हाणामारीला दारातूनही आत येऊ दिले नाही. चित्रपट सुरू होतो तो एका सत्कार समारंभात. कर्तव्यनिष्ठ पोलिस अधिकारी रवीला पदक जाहीर झाले आहे, आणि ते आपल्या आईने स्वीकारावे अशी तो विनंती करतो. आई उठते, पण तिच्या मुद्रेवर अभिमानाबरोबर आणखी काहीतरी आहे. तिच्या आठवणीतून चित्रपट उलगडत जातो : कामगार पुढारी असलेल्या पतीची झालेली कोंडी, मुलाच्या हातावर गोंदली गेलेली बापाला चोर ठरविणारी अक्षरे, फुटपाथवरील बालपण. ज्या कर्तव्यासाठी पदक मिळत आहे त्या कर्तव्यात तिचा दुसरा मुलगा मारला गेला आहे, हे प्रेक्षकाला पुढे समजते. म्हणजे आरंभीच निकाल लागलेला आहे. उरला आहे तो निकालामागील तपशील. राज्यसंस्थेने दिलेले पदक आणि आईची स्मृती यांच्या मधल्या फटीत हा संपूर्ण चित्रपट उभा आहे. मारधाडपटाची भाववृत्ती विजयोत्सवाची असावी अशी अपेक्षा असते. 'दीवार'ने विजयाचे दृश्य सर्वांत आधी दाखवून ती अपेक्षा आतून पोखरली.

या तिन्ही चित्रपटांचे लेखक एकच, म्हणजे सलीम-जावेद, आहेत. त्यामुळे येथील निष्कर्ष साऱ्या हिंदी मारधाडपटांना सरसकट लागू करणे योग्य होणार नाही. पाठलागाने वा दरोड्याने सुरू होणारे हिंदी चित्रपटही विपुल आहेत. त्याचप्रमाणे, पाश्चात्त्य चित्रपट थराराचा आणि भारतीय चित्रपट नीतीचा, अशी सोयीस्कर वाटणीही करता येणार नाही. कुरोसावांचा शेतकरी हाही एक साक्षीदारच आहे, आणि लिओनेचा बाजेवाला शेवटी एका जुन्या अन्यायाचीच साक्ष देतो. फरक क्रमाचा आहे. लिओने साक्ष अखेरपर्यंत रोखून धरतात. सलीम-जावेद ती आरंभी नोंदवितात. लिओनेचा प्रेक्षक हिंसा अगोदर पाहतो आणि तिचे कारण मागाहून शोधतो. 'शोले', 'जंजीर' वा 'दीवार'च्या प्रेक्षकाला कारण अगोदर सोपविलेले असते, आणि पुढच्या हिंसेला संमती द्यावी की नाही या प्रश्नात तो पहिल्या प्रसंगापासून गुंतलेला असतो.

६

आरंभदृश्याने केलेला करार पाळला गेला नाही तर काय होते, याचे उदाहरणही 'शोले'च पुरवितो. मूळ पटकथेत ठाकूर गब्बरसिंगाला ठार मारतो. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली होती. एका माजी पोलिस अधिकाऱ्याने कायदा हाती घ्यावा हे अभ्यवेक्षण मंडळाला मान्य झाले नाही, आणि शेवट बदलण्यात आला. पायांखाली तुडविल्या गेलेल्या गब्बरला मारण्याच्या क्षणी पोलिस येऊन पोहोचतात, ठाकुराला कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बरला ताब्यात घेतात. प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी चित्रपटगृहांत पाहिला तो हाच शेवट. मूळ शेवटासह नव्याने सिद्ध केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखविण्यात आली.

या दोन शेवटांपैकी अधिक परिणामकारक कोणता, हा अभिरुचीचा प्रश्न होईल. परंतु आरंभाशी सुसंगत कोणता, हा रचनेचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देता येते. पहिल्या दृश्यात कायद्याचा प्रतिनिधी गाडीतून उतरतो, लांबचा पल्ला गाठतो, ऐकून घेतो आणि परत जातो. कायद्याने जे केले नाही वा त्याला जे जमले नाही त्यासाठी ठाकुराला कायद्याबाहेरची दोन माणसे शोधावी लागतात, आणि ती शोधून देण्याची विनंती तो कायद्याच्याच माणसाला करतो. एवढी कबुली देऊन सुरू झालेली कथा शेवटी कायद्याच्याच वेळेवर येण्याने मिटविली जाते, तेव्हा आरंभी मोजून दाखविलेले ते खडकाळ अंतर एकाएकी नाहीसे होते. सबंध चित्रपटभर दूर असलेले पोलिस नेमक्या क्षणी जवळ कसे, हा प्रश्न योगायोगाचा नसून करारभंगाचा आहे.

आणि तरीही या बदललेल्या शेवटाला एक अनपेक्षित अर्थ लाभतो. प्रारंभी कायद्याचा माणूस ऐकण्यासाठी आला होता. अखेरीस तो थांबविण्यासाठी येतो. ज्या वर्षी राज्यसंस्थेने ऐकणे सोडून थांबविणे पत्करले होते त्याच वर्षी हा चित्रपट झळकला. अभ्यवेक्षणाने कथेचा शेवट बदलला, पण आरंभाला हात लावला नाही, कारण तेथे आक्षेप घ्यावा असे काही घडतच नव्हते. एक गाडी येत होती, दोन घोडेस्वार माळावरून जात होते आणि शाल पांघरलेला एक मनुष्य आपले म्हणणे सांगत होता. शेवट बदलूनही साक्ष तशीच राहिली. मारधाडपटाचा अभ्यास शेवटच्या झुंजीपासून न करता पहिल्या दृश्यापासून का करावा, याचे उत्तर बहुधा यातच आहे.